एका डोसचा हिशेब

मुलीला नववं-दहावं वर्ष लागलं की हल्ली डॉक्टर गर्भाशयमुखाच्या कर्करोगावरील लसीचा विषय काढतात. मग आयांचा प्रश्न ठरलेला : ‘पूर्वी तीन डोस सांगायचे, आता म्हणे एकही पुरतो. हे खरं कसं मानायचं?’

शंका रास्त आहे. उत्तर थोड्या गणितात आहे आणि थोडं आपल्या महाराष्ट्रात. गणित आधी बघू. घाबरू नका, निम्मं करता आलं की झालं!

लस टोचल्यावर रक्तात प्रतिपिंडं तयार होतात. ती विषाणूला पेशीत शिरू देत नाहीत. पण ती टिकाऊ नसतात. साधारण तीन आठवड्यांत निम्मी होतात. समजा, १०० भाग आहेत. तीन आठवड्यांनी ५०, सहा आठवड्यांनी २५, नऊ आठवड्यांनी साडेबारा. या हिशेबानं पाच महिन्यांत एक भागही उरायला नको. गच्चीवरची टाकी आठवा. नळ चालू आणि वरून पाणी बंद, तर टाकी रिकामी व्हायचीच. तरी पाणी दिसलं, तर वरून कुठून तरी धार चालू आहे हे नक्की.

रोगप्रतिकारशक्तीचं गणित मांडणारे शास्त्रज्ञ हेच करतात. किती येतं, किती जातं याची समीकरणं मांडतात आणि रक्ततपासणीच्या आकड्यांशी ताडून बघतात. या लसीनंतर प्रतिपिंडं आधी झरझर उतरतात, मग एका पातळीला येऊन वर्षानुवर्षं ठरतात. म्हणजे ती तयार करणाऱ्या काही पेशी लवकर मरतात, पण काही हाडांच्या पोकळीतल्या मज्जेत ठाण मांडून बसतात. हीच ती धार. तीन डोसांचे आकडे अशा समीकरणांत बसवून, संरक्षण दीर्घकाळ टिकेल असं भाकीत २००७ सालीच झालं होतं. एका डोसनं पातळी खाली राहते, पण तीही टिकते.

ही पातळी पुरेशी आहे का, हे मात्र समीकरण सांगत नाही. त्यासाठी माणसंच तपासावी लागतात. २००९ मध्ये भारतात नऊ ठिकाणी मुलींवर एक अभ्यास सुरू झाला. त्यात आपली बार्शी आणि पुणे होतं. दोन डोस बरे की तीन, एवढंच बघायचं होतं. पण दुसऱ्याच एका प्रकल्पावरून वाद उठला आणि एप्रिल २०१० मध्ये सरकारनं लस देणं थांबवलं. सुमारे ५,००० मुलींचा एकच डोस झाला होता. संशोधकांनी त्यांना सोडलं नाही, दहा वर्षं तपासत राहिले. २०२१ मध्ये निष्कर्ष आला : १६ आणि १८ या विषाणूप्रकारांच्या चिवट संसर्गापासून एका डोसनं सुमारे ९५ टक्के संरक्षण मिळालं, दोन-तीन डोसांइतकंच. २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनंही मुलींसाठी एका डोसचा पर्याय मान्य केला.

तेव्हा लस ९ ते १४ या वयात, संसर्ग होण्याआधी द्यावी. झालेला संसर्ग ती बरा करत नाही. डॉक्टरांनी दोन डोस सांगितले तर गोंधळू नका. प्रतिकारशक्ती कमी असलेल्या मुलींना तर जास्त डोस लागतातच.

आणि आपलं काय? १६ आणि १८ मुळे दहापैकी सुमारे सात गर्भाशयमुखाचे कर्करोग होतात, बाकीचे उरतातच. आमच्या ओव्याशेजारी खारघरला टाटा स्मारकाचं कर्करोग केंद्र आहे. तिकडे जाणाऱ्या बाहेरगावच्या बायका बसमध्ये भेटतात. ‘अंगावर काढलं हो,’ हे त्यांच्याकडून किती वेळा ऐकावं! उस्मानाबाद जिल्ह्यात, म्हणजे आजच्या धाराशिवमध्ये, ३० ते ५९ वयाच्या एक लाखाहून अधिक बायकांचा अभ्यास झाला. त्याचा निष्कर्ष २००९ मध्ये आला : विषाणूची एकदाच तपासणी आणि गरज पडली तर उपचार, एवढ्यानं या रोगाचे मृत्यू जवळजवळ निम्मे झाले.

तेव्हा मुलीच्या लसीची तारीख कॅलेंडरवर लिहाल, तेव्हा खाली स्वतःच्या तपासणीचीही लिहा. तिशी उलटली असेल तर लाजू नका, पुढं ढकलू नका.