आराखड्याबाहेर राहिलेले अर्धे ऑफिस

दादासाहेब भगत हे नाव आपल्यापैकी अनेकांनी ‘शार्क टँक इंडिया’मुळे ऐकले. बीड जिल्ह्यातल्या खेड्यातला मुलगा, पुण्यात इन्फोसिसच्या अतिथिगृहात ऑफिस बॉय, पुढे ॲनिमेशन शिकून स्वतःची डिझाइन कंपनी आणि अमन गुप्ता यांनी १० टक्के हिश्श्यासाठी देऊ केलेले १ कोटी रुपये. हे सगळे बातम्यांत रंगवून आले. आपल्या, म्हणजे वास्तुरचनेच्या, व्यवसायाच्या कामाची गोष्ट मात्र त्यात ओझरतीच होती. टाळेबंदीत भगत गावी परतले, तेव्हा मोबाइलची रेंज चांगली मिळायची ती टेकडीवर. म्हणून तिथल्या गुरांच्या गोठ्यात त्यांनी संगणक मांडले, काम चालू केले आणि गावातल्या पोरांनाही शिकवले. जागा एकाच निकषावर निवडली आणि तो निकष बरोबर होता. त्यात वास्तुरचनाकाराचा हात कुठेच नव्हता.

त्या काळापासून आपण शहरातली ऑफिसे मात्र मोडून मोडून नव्याने आखतो आहोत. ठरलेल्या टेबलांच्या जागी सामायिक टेबले आली, फोन बूथ आले, चौघांच्या बैठकीच्या छोट्या खोल्या वाढल्या. कंपन्यांची धोरणे तर याहून वेगाने फिरली. टीसीएसने २०२० मध्ये जाहीर केले की २०२५ पर्यंत फक्त पाव कर्मचारी ऑफिसात असतील. ऑक्टोबर २०२३ पासून त्याच कंपनीने पाच दिवस हजेरी सक्तीची केली. पुढच्याच महिन्यात इन्फोसिसने अनेकांसाठी महिन्याला किमान १० दिवसांचा नियम आणला. तेव्हा मनुष्यबळ विभागाने दिलेला आकडा ब्रह्मवाक्य मानून पक्क्या भिंती घालू नका. हलवता येणारी पार्टिशन्स आणि कुठेही वळवता येईल असे वायरिंग, एवढा खर्च ग्राहकाच्या गळी उतरवलाच पाहिजे.

महिन्यातले १० दिवस येणारा माणूस येतो कुठून, हे मात्र आपण विचारत नाही. बीडहून पुण्याला येणारा रात्रीच्या ट्रॅव्हल्सने येतो. १७ सप्टेंबर २०२५ ला बीड–अहिल्यानगर रेल्वे सुरू झाली हे खरे, पण पुण्यातल्या नोकरदाराची भिस्त अजून बसवरच आहे. पहाटे वाकडला उतरलेल्या या माणसाच्या हातात बॅग असते आणि ऑफिस उघडायला अवकाश असतो. त्याच्या ऑफिसात कॉफीचे झकास काउंटर आपण दिले. अंघोळीची सोय आणि बॅग मावेल असे लॉकर द्यायचे राहून गेले.

आणि उरलेले २० दिवस? ते बीड, गेवराई, माजलगावच्या घरात जातात. तिथे वरच्या मजल्यावर शांतता असते म्हणून कामाला तीच खोली मिळते आणि एप्रिल-मेमध्ये स्लॅब खाली आग ओकतो. गच्चीवर चुन्याचा पांढरा हात किंवा चायना मोझॅक हा त्यावरचा स्वस्त आणि सिद्ध उपाय आहे. पत्र्याच्या खोलीत पाऊस सुरू झाला की मीटिंग बुडालीच समजा. जुन्या माळवदाच्या घरात गारवा छान, पण जाड भिंतीआड वाय-फाय पोहोचत नाही. शिवाय १९९३ च्या किल्लारी भूकंपानंतर तसे जड छप्पर नव्याने सुचवण्याची हिंमत कुणी करू नये. वायरिंगच्या वेळीच इन्व्हर्टरची वेगळी लाइन टाकावी. खिडकी शक्यतो उत्तरेला आणि टेबल तिला काटकोनात ठेवावे, म्हणजे चेहऱ्यावर बाजूने उजेड पडतो आणि स्क्रीन चमकत नाही.

सगळ्यात महत्त्वाचा आहे दरवाजा. ‘घरीच तर आहेस’ हे वाक्य ऐकत काम करणाऱ्या सुनेला आतून कडी लागणारी खोली हवी असते. ऑफिसातल्या आवाजावर आपण चर्चासत्रे भरवतो, पण हॉलच्या कोपऱ्यात, टीव्हीशेजारी, हेडफोन लावून बसलेल्या बाईचा विचार कुणाच्याच आराखड्यात नाही.

दहा बाय दहाच्या खोलीत फी किती मिळणार, हा प्रश्न रास्तच आहे. ही कामे एकेकटी घेऊन पोट भरणार नाही. पण गावाकडे अनेकांसाठी मिळून एक जागा करता येते. झोहो या सॉफ्टवेअर कंपनीने २०११ मध्ये तमिळनाडूतल्या तेनकाशीजवळ, खेड्याच्या परिसरात ऑफिस थाटले आणि ते टिकवून वाढवले. अंबाजोगाईत किंवा बीडमध्ये व्यापारी संकुल आखणाऱ्याने वरच्या मजल्यावर तासाने वा महिन्याने भाड्याने देता येईल अशी दहा-वीस जणांची जागा बिल्डरला सुचवायला काय हरकत आहे? वीज, इंटरनेट आणि स्वच्छतागृह एकदाच नीट करावे लागते. वापरणारे अनेक असतात.

मराठवाड्यात काम करणाऱ्या वाचकांना एक विनंती. गेल्या काही वर्षांत तुम्ही अशी एखादी खोली किंवा सामायिक जागा बांधली असेल, तर तिचा नकाशा, झालेला खर्च आणि फसलेल्या गोष्टी आम्हाला कळवा. चकचकीत फोटो नसले तरी चालतील. मे महिन्यात दुपारी तीन वाजता आतले तापमान किती होते, तेवढे मात्र मोजून पाठवा.