काझीरंगाचे डोंगर आणि दगडखाणींची अपुरी पाहणी

आसाममधील कालियाबोर ते नुमालीगढ या सुमारे 85 किलोमीटर लांबीच्या महामार्गाच्या चौपदरीकरणास केंद्रीय मंत्रिमंडळाने ऑक्टोबर 2025 मध्ये मंजुरी दिली. त्यातील सुमारे साडेचौतीस किलोमीटर रस्ता उन्नत असेल. काझीरंगा राष्ट्रीय उद्यानातील प्राण्यांना त्याखालून दक्षिणेकडील कार्बी आंगलाँगच्या डोंगरांत जाता यावे, हा त्यामागील हेतू आहे. 6,957 कोटी रुपयांच्या या योजनेत पलीकडचे डोंगर शाबूत राहतील हे गृहीत धरलेले आहे. त्या डोंगरांतील दगडखाणींचा प्रश्न त्यामुळेच रस्त्याइतका महत्त्वाचा ठरतो.

पावसाळ्यात ब्रह्मपुत्रेचे पाणी उद्यानात शिरते. हा पूर काझीरंगाला आवश्यकही आहे; गवताळ प्रदेश आणि ‘बील’ या नावाने ओळखली जाणारी तळी त्यामुळेच टिकून आहेत. मात्र पाणी चढू लागले की हत्ती, हरणे आणि गेंडे उंच जागेच्या शोधात महामार्ग ओलांडून डोंगराकडे निघतात. 2022 च्या गणनेनुसार येथे 2,613 गेंडे आहेत. त्याच डोंगरांतून उगम पावणारे ओढे उद्यानातील तळ्यांना पाणी पुरवितात. उतारावर दगड फोडण्याचे काम सुरू झाले की भ्रमणमार्गात सुरुंगांचे आवाज आणि मालमोटारींची वर्दळ येते, तर ओढ्यांतून मातीचा गाळ तळ्यांत उतरतो.

हा धोका नव्याने उघडकीस आलेला नाही. नुमालीगढ परिसरात केंद्र शासनाने 1996 मध्येच ‘विकासनिषिद्ध क्षेत्र’ जाहीर केले होते. तरीही तेथे क्रशर आणि वीटभट्ट्या उभ्या राहिल्या व 2012 मध्ये राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाला हस्तक्षेप करावा लागला. पुढे 4 एप्रिल 2019 रोजी सर्वोच्च न्यायालयाने उद्यानाच्या सीमेलगत, तसेच कार्बी आंगलाँगमधून उद्यानात येणाऱ्या नद्या-ओढ्यांच्या संपूर्ण पाणलोट क्षेत्रात सर्व प्रकारच्या खाणकामास बंदी घातली. नऊ भ्रमणमार्गांतील खासगी जमिनींवर नवी बांधकामे करण्यासही मनाई करण्यात आली.

जी गोष्ट न्यायालयाला सांगावी लागली, ती परवानगीच्या वेळीच का दिसू नये? याचे उत्तर बऱ्याच अंशी पाहणीच्या पद्धतीत आहे. पर्यावरण आघात मूल्यांकनासाठी खाणींच्या बाबतीत साधारणपणे एकाच हंगामाची मूळ माहिती गोळा केली जाते आणि तो हंगाम पावसाळ्याव्यतिरिक्तचा असतो. हवेतील धूळ मोजण्यासाठी हे सोयीचे असेलही. पण काझीरंगाच्या दक्षिणेचा डोंगर ज्या महिन्यांत प्राण्यांचा आसरा होतो, नेमके तेच महिने अहवालातून वगळले जातात. कोरड्या फेब्रुवारीत उताराची पाहणी करणाऱ्यास ओढा म्हणजे केवळ दगडगोट्यांची पट्टी दिसेल. शिवाय हा अहवाल प्रकल्पधारकाने नेमलेली आणि त्याच्याच पैशाने काम करणारी सल्लागार संस्था तयार करते.

लहान खाणींची स्थिती याहून नाजूक आहे. पाच हेक्टरांपेक्षा लहान खाणपट्ट्यांनाही पर्यावरण मंजुरी आवश्यक आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी 2012 मध्ये दीपक कुमार प्रकरणात स्पष्ट केले. मात्र स्वतंत्र असलेल्या अशा लहान पट्ट्यांना सविस्तर मूल्यांकन आणि जनसुनावणीतून सामान्यतः सूट मिळते. प्राण्यांच्या वाटेवर पाच हेक्टर हा काही लहान आकडा नव्हे. अरुंद जागी तेवढ्यानेच वाट बंद होऊ शकते.

पाणथळ जागांच्या संरक्षणातही फटी आहेत. 2017 चे नियम अभयारण्य व वनक्षेत्रातील पाणथळींना लागू होत नाहीत. तेथे वन्यजीव व वनविषयक कायदे चालतात. बाहेरील अधिसूचित पाणथळीचे प्रभावक्षेत्र आखणे या नियमांनुसार आवश्यक असले, तरी अधिसूचनाच निघाली नसेल तर आखणीही होत नाही. उपग्रहाद्वारे 2021 मध्ये नोंदविलेल्या सव्वादोन हेक्टरांहून मोठ्या 2,31,195 पाणथळींची प्रत्यक्ष जागेवर पडताळणी करून सीमा ठरवाव्यात, असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर 2024 मध्ये दिला. त्याहून लहान तळी या यादीत नाहीत.

दुसरी बाजूही दुर्लक्षिण्याजोगी नाही. रस्त्यांना आणि घरांना खडी लागते, ती फोडणाऱ्या मजुरांचे पोट त्यावर आहे, आणि सहाव्या अनुसूचीनुसार खनिजांच्या स्वामित्वधनात स्वायत्त परिषदेचा वाटा असतो. त्यामुळेच तपासणी कोणत्या टप्प्यावर होते, याला महत्त्व आहे. लिलाव झाल्यावर बोली लावणाऱ्याचे पैसे गुंतलेले असतात आणि शासनही महसुलाची वाट पाहत असते. अशा वेळी ‘येथे खाण नको’ असे म्हणणारा अहवाल कोणालाच सोयीचा नसतो. खाणपट्टा आखण्यापूर्वीच शासनाने स्वखर्चाने वर्षभराची, पूरकाळासह, पाहणी केली, तर नकार देणे स्वस्त पडेल. पुराच्या दिवसांत कोणता कळप कोठून रस्ता ओलांडतो, हे तेथील वनरक्षकांना ठाऊक असते. ती माहिती आज मंजुरीच्या कागदपत्रांत क्वचितच पोहोचते.