आधी माप, मग कमान

कापडाच्या धंद्यात माझी तीस वर्षे गेली. गिऱ्हाईक दुकानाची पायरी चढले की त्याच्या सदऱ्याला किती कापड लागेल हे मी नजरेने सांगतो. असा मी गेल्या वर्षी फसलो, आणि तेही मापातच.

माझ्या धाकट्या भावाची मुलगी पंधरा वर्षांची आहे. कारध्याहून वैनगंगेचा पूल ओलांडून ती तिरंदाजीच्या सरावाला भंडाऱ्यात जाते. २०२३ च्या ऑगस्टमध्ये बर्लिनच्या जागतिक स्पर्धेत साताऱ्याची अदिती स्वामी सतराव्या वर्षी जगज्जेती झाली, आपल्या नागपूरच्या ओजस देवतळेनेही सुवर्ण घेतले. दोघांच्या हाती कंपाउंड धनुष्य. तेव्हापासून पोरीचा एकच हट्ट, मलाही तसलीच कमान हवी. भावाने भिशी उचलली आणि घरातला व्यापारी म्हणून खरेदीला मला पाठवले.

एका मोठ्या शहरातल्या दुकानात गेलो. दुकान झकास होते. काचेची कपाटे, भिंतीवर रंगीबेरंगी कमानी. मी तासभर घासाघीस केली, किंमत उतरवली, वर पिशवी फुकट मिळवली आणि विजयी मुद्रेने परत आलो. मुलगी सोबत नव्हती. दुकानदाराने तिची उंची विचारली नाही, मीही सांगितली नाही.

पुढचे तीन महिने तिच्या डाव्या हाताच्या कोपराखाली काळानिळा डाग कायम. बाण कधी वर, कधी डावीकडे. शिकवणारे म्हणत, उभे राहणे चुकते. घरात बायका म्हणू लागल्या, मुलीच्या जातीला हे झेपायचे नाही. एके रात्री ती मला म्हणाली, ‘‘बडे अब्बा, विकून टाका.’’

शेवटी एका ओळखीच्याने नागपुरातल्या एका मिस्त्रीकडे पाठवले. दुकान कसले, घराच्या पुढच्या खोलीत एक टेबल. त्याने कमानीकडे पाहिलेसुद्धा नाही. मुलीला भिंतीला पाठ लावून दोन्ही हात पसरायला सांगितले आणि टेप धरली. एका मधल्या बोटाच्या टोकापासून दुसऱ्याच्या टोकापर्यंत ६२ इंच. त्याला अडीचने भागले, पंचवीसच्या आसपास आले. मग कमान मोजली, ती २८ इंचांवर लावलेली. साध्या धनुष्याची दोरी हात नेईल तितकीच मागे येते. कंपाउंडला टोकांना चाके असतात, त्यामुळे दोरी ठरल्या इंचावर जाऊन भिंतीला टेकावी तशी थांबते. ते इंच माणसाच्या मापाचे नसतील तर खांदा लांबतो, कोपर आत वळते आणि सुटलेली दोरी हातावर बसते. त्या कमानीची चाके साडेसव्वीसच्या खाली येतच नव्हती. मिस्त्री म्हणाला, ‘‘चाचा, कमान चांगली आहे. पण ती या मुलीची नाही.’’

एकवीस इंची बाही लागणाऱ्या पोराला मी कधी चोवीस इंचाचा सदरा गळ्यात मारला असता का? मी भाव केला, माप विचारले नाही. दुकानदाराची चूक अर्धी, उरलेली माझी.

ती कमान तोट्यात विकली. दुसरी त्याच मिस्त्रीच्या सल्ल्याने घेतली, तेव्हा चांगले दुकान म्हणजे काय हे डोळ्यांनी पाहिले. त्याच्याकडे कमान दाबून धरणारा शिकंजा आहे. त्यावाचून कंपाउंडची दोरी उतरवायला जाणे म्हणजे डोळा गमावण्याची तयारी. ओढ मोजायचा काटा आहे. स्पर्धेत ६० पौंडांपर्यंत ओढ चालते म्हणून कोवळ्या पोरीला तिथपर्यंत नेत नाहीत, त्याने कमीवर सुरुवात केली. दोन्ही चाके एकाच क्षणी थांबतात का ते पाहिले. मग लाकडी चौकटीत कागद ताणून पाच-सहा फुटांवरून तिला बाण मारायला लावले. कागदाला गोल भोक आणि पिसांच्या तीन चिरा पडल्या तर बाण सरळ जातो. कागद लांब फाटला तर तो तिरका जातो. दर खेपेला केसभर फरक करीत त्याने दोन तास घालवले. बाणही तिच्या मापाने कापले. बाणाच्या कांडीवरचा आकडा जितका लहान तितकी कांडी ताठ, हे मला त्या दिवशी कळले. फार हलका बाण लावला तर कमानीलाच धोका असतो आणि बाणाशिवाय दोरी सोडणे तर कधीच नाही, हेही त्याने मुलीकडून दोनदा वदवून घेतले.

दोरीपाशी मात्र मी त्याच्या बरोबरीला आलो. धागा ओढीखाली सैल होतो, पीळ वाढवला की आखडतो, मेण नसेल तर त्याचे तंतू उभे राहतात. मोहाडी-आंधळगावच्या विणकरांशी व्यवहार केलेल्या माणसाला हे कोणी शिकवावे लागत नाही. तुर्की आणि मोगल कमानींना रेशमाचीच दोरी असे. आज ती कृत्रिम धाग्याची असते, पण नव्या दोरीने शे-दोनशे बाण मारल्यावर कमान पुन्हा तपासावी लागते, कारण धागा बसतो.

मुद्दा बिरादरीच्या कामाचा आहे म्हणून हे सारे लिहिले. हा हुन्नर आपल्याला परका नाही. हजरत साद बिन अबी वक्कास (रजि.) यांचे नाव तिरंदाजीसाठी घरोघरी घेतले जाते. शिंग, लाकूड, तात आणि सरस यांची कमान बनवणारे कमानगर हे मुसलमान कारीगर होते. बंदुका आल्या आणि कच्छच्या कमानगरांनी ब्रश उचलून भिंती रंगवल्या. आज कमानगारी म्हणजे तिथली चित्रकला. पंजाबात कमानगर हाडे बसवू लागले. धंदा गेला तरी हातातले माप गेले नाही.

आता मागणी परत येते आहे. २०२८ च्या लॉस एंजेलिस ऑलिम्पिकमध्ये कंपाउंडची मिश्र सांघिक स्पर्धा प्रथमच होणार आहे. विदर्भातली पोरे धनुष्य घेतील, ते पार्सलनेही येईल. ते लावून कोण देणार? घड्याळ, सायकल, शिलाई यंत्र दुरुस्त करणाऱ्या आपल्या तरुणांची बोटे याच कामाची आहेत. पण हे काम विक्रीबरोबर फुकट देऊ नका. फुकटचे काम घाईत उरकले जाते. शिंप्यासारखा दर पाटीवर लिहा, कमान दुसरीकडची असली तरी हात लावा, आणि ‘ही तुमच्या मापाची नाही’ असे म्हणून विक्री सोडायची हिंमत ठेवा.

मिस्त्रीने दोन तासांचे पाचशे रुपये सांगितले. सवयीने माझे तोंड उघडले होते, पण मुलगी माझ्याकडे बघत होती. मी पाचशे मोजून दिले. तिच्या हातावरचा डाग दोन आठवड्यांत गेला.