सुतक फिटल्यावरची पंगत

आपल्या घरांत मृत्यू झाला म्हणजे दहा दिवस सुतक पाळतात आणि तेराव्या दिवशीं गोडाचें जेवण करून शोकाला मर्यादा घालतात. या सुतकाचा एक नियम आम्हांस फार अर्थपूर्ण वाटतो. भाऊबंदांचें बोलणें बंद असो, शेताच्या बांधावरून कोर्टांत कज्जा चालू असो, सुतक दोघांसही सारखेंच लागतें. मग ज्यास सुतक लागलें, त्यास तेराव्याच्या पंगतींत पाट असावा कीं नसावा? वाशीमच्या एखाद्या वाड्यांत हा प्रश्न जितका अवघड, तितकाच तो साऱ्या जगासही गेला आहे. महायुद्धांनंतर भरलेल्या आंतरराष्ट्रीय क्रीडासामन्यांची हकीकत पाहिली म्हणजे हें ध्यानांत येतें.

पहिलें महायुद्ध १९१८ च्या नोव्हेंबरांत थांबलें. बेल्जमनें चार वर्षें शत्रूचा अंमल सोसला होता. त्या देशाचा सन्मान व्हावा, म्हणून १९२० चे ऑलिंपिक सामने त्याच्या अँटवर्प शहरास देण्यांत आले. तयारीस अवधि जेमतेम दीड वर्षाचा मिळाला. या सामन्यांस हिंदुस्थानचें पथकही गेलें होतें. पुण्याच्या डेक्कन जिमखान्याचे अध्यक्ष सर दोराबजी टाटा यांनीं त्यासाठीं पुढाकार घेतला. बेळगांवकडील फडेप्पा चौगुले मॅरेथॉन शर्यतींत १९ वे आले आणि रणधीर शिंदे यांनीं कुस्तींत चौथें स्थान मिळविलें. परतंत्र देशाच्या मुलांस त्या मेळाव्यांत जागा मिळाली. पण जर्मनी, ऑस्ट्रिया, हंगेरी, बल्गेरिया व तुर्कस्तान यांस आमंत्रणच गेलें नाहीं.

दुसऱ्या महायुद्धामुळें १९४० व १९४४ चे सामने झालेच नाहींत. १९४८ सालीं यजमानपण लंडनकडे आलें, तेव्हां त्या घराची स्थिति ओढगस्तीची होती. पावावरचें रेशनिंग सामन्यांच्या अगदीं तोंडावर, जुलै महिन्यांत उठलें. इतर कित्येक जिन्नस कार्डावरच मिळत होते. यजमानांनीं नवें क्रीडागार बांधलें नाहीं. वेम्ब्लेचें १९२३ सालचें मैदानच वापरलें. पाहुण्यांची सोय लष्करी छावण्यांत, शाळांत व कॉलेजांत केली, आणि अंगपुसणीं आपापलीं आणावीं असें कळविलें. खेळाडूंस गोदींतील व खाणींतील कामगारांप्रमाणें वाढीव शिधा दिला. कित्येक पथकांनीं आपलें अन्न बरोबर आणलें आणि उरलें तें इस्पितळांस देऊन टाकलें. ५९ राष्ट्रें आलीं, सामने यथासांग पार पडले, आणि अखेरच्या हिशेबांत थोडी शिल्लकही राहिली. ऋण काढून सण न करणाऱ्या या यजमानाचें आम्हांस कौतुक वाटतें.

या सामन्यांत स्वतंत्र भारताच्या हॉकीपटूंनीं १२ ऑगस्ट रोजीं खुद्द ब्रिटनवर चार गोलांनीं विजय मिळविला. कऱ्हाडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव कोल्हापूरच्या महाराजांच्या द्रव्यसाहाय्यानें तेथें पोंचले. तांबड्या मातींत वाढलेला हा मल्ल गादीवरच्या कुस्तींत सहावा आला. हा सारा वृत्तांत आनंदाचा आहे. परंतु एक गोष्ट मनास टोंचते. वेम्ब्लेच्या मैदानाकडे जाणारा नवा रस्ता बांधण्यास जर्मन युद्धकैदी लावले होते, आणि त्याच रस्त्यावरून येणाऱ्या राष्ट्रांत जर्मनी नव्हता. जपानसही आमंत्रण नव्हतें.

यावर कोणी म्हणेल कीं, ज्यांचीं घरें जळलीं त्यांनीं आग लावणाऱ्यास ताट कां वाढावें? हा आक्षेप पोकळ नाहीं. लंडनवर बाँब पडत होते त्यास पुरतीं चार वर्षेंही झालीं नव्हतीं. ज्याचा मुलगा गेला त्यास ‘आतां झालें गेलें विसरा’ असें तिऱ्हाइतानें सांगणें हाही एक प्रकारचा अन्यायच होय. दुखावलेल्यास वेळ मागण्याचा अधिकार आहे. मात्र त्या वेळेस कोठें तरी अंत असला पाहिजे, आणि तो अंत कोणी तरी पुढें होऊन करावा लागतो.

तो मान आपल्या देशाकडे जातो. ४ ते ११ मार्च १९५१ या दिवसांत दिल्लीस पहिले आशियाई सामने भरले. फाळणीच्या जखमा ओल्या होत्या व तिजोरी भरलेली नव्हती. इम्फाळ-कोहिमाच्या बाजूस १९४४ सालीं जपानी सैन्याशीं झुंजलेल्यांत मराठा पलटणींचे जवानही होते. तरीही जे ११ देश दिल्लीस जमले त्यांत जपान होता. जेत्यांचा अंमल त्याच्या भूमीवरून तेव्हां उठलाही नव्हता. त्यानें २४ सुवर्णपदकें नेलीं, आपण १५ मिळविलीं, आणि कोणाचेंही कांहीं उणें झालें नाहीं. मात्र त्या पंगतींत पाकिस्तान नव्हता. दूरच्या वैऱ्यास पाट मांडणें त्या मानानें सोपें. वाटणी होऊन वेगळा झालेला भाऊ पंगतीस बसणें कठीण, हेंही तेथेंच दिसलें.

महाभारतकारांनीं ही गोष्ट पूर्वींच ओळखली होती. युद्ध संपल्यावर युधिष्ठिरानें अश्वमेध मांडला, तेव्हां खजिना रिता होता. अश्वामागें निघालेल्या अर्जुनास त्यानें बजाविलें कीं, रणांत पडलेल्या राजांच्या मुलानातवंडांस होतां होईल तों मारूं नये, तर यज्ञास येण्याचें आमंत्रण द्यावें. ज्यांचे बाप आपण मारले, त्यांसच बोलावणें!

हा प्रश्न जगांत अजून मिटलेला नाहीं. २०२४ च्या पॅरिस सामन्यांत रशिया व बेलारूसच्या खेळाडूंस आपल्या ध्वजावांचून, व्यक्तिशःच, उतरतां आलें. त्याचा निर्णय थोरांनीं करावा. आमच्या वाचकांच्या घरीं मात्र तंटा होऊन गेल्यावर पहिलें मंगलकार्य केव्हां ना केव्हां निघतेंच. तें लंडनप्रमाणें अंथरूण पाहून करावें. अक्षत द्यावयाच्या घरांची यादी करतांना ज्यांचें सुतक आपणांस लागतें त्यांचीं नांवें आधीं लिहावीं. ते न आले तर पाट रिकामा राहील, तो राहूं द्यावा. यादींतून नांव मात्र आपल्या हातानें खोडूं नये.