बुरशी जिवंत पोचली पाहिजे

मेटारायझियम बुरशीने हुमणी मरत नाही, ही तक्रार दरवर्षी भाद्रपदात सुरू होते. तोवर उसाची बेटे पिवळी पडून वाळू लागलेली असतात, हाताने ओढले तर अख्खे बेट मुळांशिवाय वर येते आणि खाली वीतभर मातीत तपकिरी डोक्याच्या, अर्धगोल पडलेल्या पांढऱ्या अळ्या सापडतात. पावसाळ्याच्या तोंडावर शेणखतातून टाकलेल्या बुरशीचा खर्च तेव्हा आठवतो आणि दोष बुरशीला दिला जातो. यंदा या मासिकाकडे आलेल्या पत्रांचा सूरही तोच आहे. तक्रारीत तथ्य आहे, पण आरोपी चुकीचा निवडला जातो. बहुतेक वेळा बुरशी शेतात पोचण्याआधीच मेलेली असते, आणि ती कुठे मेली हे शोधण्याची सोय आजच्या व्यवस्थेत नाही.

शेतातली चूक आधी पाहू, कारण ती स्वतःच्या हातातली आहे. माळावरची होलोट्रॅकिया असो की नदीकाठची ल्युकोफोलिस, हुमणीची वर्षाला एकच पिढी होते. वळवाच्या किंवा पहिल्या मोसमी पावसाबरोबर भुंगेरे जमिनीतून बाहेर पडतात, मिलनानंतर मादी मातीत अंडी घालते आणि त्यातून निघालेली अळी तीन अवस्थांतून जाते. होलोट्रॅकियाची पहिली अवस्था महिनाभराची, दुसरी महिना-दीड महिन्याची, तर तिसरी साडेचार महिन्यांच्या आसपास असते. उसाची मुळे फस्त करते ती ही तिसरी. तोवर अळी जाड कातडीची आणि दणकट झालेली असते, आणि बुरशीला ती सहज दाद देत नाही. बुरशी टाकायची ती जून-जुलैत, अळी कोवळी असताना, जमिनीत वाफसा असताना, मुळांच्या पट्ट्यात. भाद्रपदात बेट वाळलेले पाहून केलेली आळवणी ही फार तर पुढच्या वर्षाची तयारी ठरते.

वेळ साधणाऱ्यांनाही मात्र निराश व्हावे लागते, आणि खरा प्रश्न तिथे सुरू होतो. मेटारायझियम ही बुरशी मुळात भुंगेऱ्यांचीच. १८७९ साली इल्या मेचनिकॉव्ह यांनी ती गव्हावरील अ‍ॅनिसोप्लिया भुंगेऱ्यावर पाहिली, म्हणून तिच्या नावात अ‍ॅनिसोप्ली आले. हुमणी त्याच भुंगेऱ्याच्या गोतातली. बुरशीचा बीजाणू अळीच्या कातडीला चिकटतो, ओल मिळाली की रुजतो, विकरांच्या बळावर कातडी फोडून आत शिरतो आणि रक्तद्रवात वाढत अळीला मारतो. मेलेली अळी आधी कडक व पांढरी, मग हिरव्या भुकटीने माखलेली दिसते, आणि ती भुकटी म्हणजे पुढच्या अळ्यांसाठी नवे बीजाणू. या साऱ्याला काही दिवसांपासून काही आठवडे लागतात, आणि पहिली अट एकच आहे: बीजाणू रुजला पाहिजे. विषारी औषधाचा रेणू मरत नाही, बीजाणू मरतो. मेलेल्या बीजाणूचे पाकीट आणि नुसत्या टाल्कचे पाकीट यांत शेतकऱ्याच्या दृष्टीने काही फरक नाही.

१.१५ टक्के डब्ल्यूपी (पाण्यात मिसळायची भुकटी) मेटारायझियमच्या पाकिटात ग्रॅममागे किमान १० कोटी सीएफयू, म्हणजे रुजून वसाहत करू शकणारे जिवंत बीजाणू, असावेत, असे प्रमाण आहे. रोगांवरच्या ट्रायकोडर्मा बुरशीसाठी ते ग्रॅममागे २० लाख आहे. हे आकडे पाकिटावर छापलेले असतात आणि कारखान्यातून निघताना ते बहुधा खरेही असतात. त्यानंतर काय होते? थंड जागेत बीजाणू कित्येक महिने टिकतात, पण तापमान चढले की त्यांची संख्या सरळ रेषेत उतरत नाही, पटीत कोसळते. दहातला एक उरतो, मग त्या उरलेल्यांतला दहातला एक. दोन पायऱ्या उतरल्या की १० कोटींचे १० लाख होतात आणि एका पाकिटाचे काम करायला शंभर पाकिटे लागतात. सांगली-सोलापूरकडे मे महिन्यात पत्र्याखालच्या दुकानात दुपारी काय तापमान असते, हे तिथे उभे राहिलेल्या कोणालाही सांगावे लागत नाही. पाकिटावर ‘थंड व कोरड्या जागी ठेवावे’ अशी सूचना असते आणि पाकीट युरियाच्या थप्पीवर, उन्हाच्या तिरिपेत पडलेले असते.

यात सर्वांत मोठा वाटा मार्चअखेरीचा आहे. अनुदानाच्या योजनेतून वाटायच्या जैविक निविष्ठांची खरेदी आर्थिक वर्ष संपण्याआधी निधी खर्ची टाकण्यासाठी उरकली जाते. हुमणीला बुरशी लागते मिरगाच्या पावसावर, आणि माल तालुक्याच्या गोदामात येतो फाल्गुनात. मधला सगळा उन्हाळा तो तिथे काढतो. रासायनिक खताला ही चाल परवडते. जिवंत मालासाठी तिचा अर्थ उघड आहे: सरकारी पैशाने जिवंत माल विकत घ्यायचा, मेल्यावर वाटायचा आणि वाटपाचे उद्दिष्ट शंभर टक्के पूर्ण झाल्याचे कळवायचे. मागणी मार्चमध्ये नोंदवून पुरवठा जूनच्या पहिल्या आठवड्यात आणि उत्पादन मे महिन्यातले, एवढी एक अट खरेदीच्या निविदेत घालायला कोणाची हरकत असावी? ती घातली जात नाही, कारण तपासणाऱ्याला खर्चाचा दाखला हवा असतो, सीएफयूचा नव्हे.

आता कायदा. कीटकांवरची बुरशी १९६८च्या कीटकनाशके कायद्याखाली येते. अ‍ॅझोटोबॅक्टर, स्फुरद विरघळविणारे जिवाणू ही जिवाणू खते २००६मध्ये खत नियंत्रण आदेशाखाली आली. एकाच फळीवर ठेवलेली दोन पाकिटे दोन कायद्यांची, दोन परवान्यांची. बुरशीच्या भुकटीत ओलावा ८ टक्क्यांच्या वर नको. वाहकावरच्या जिवाणू खतात तो ३० ते ४० टक्के हवा. दोन्हींना लागणारी जपणूक वेगळी, पण परवाना देताना किंवा त्याचे नूतनीकरण करताना दुकानात थंड जागा आहे का, ही विचारपूस क्वचितच होते.

खरा घोळ नमुन्याचा आहे. १९६८चा कायदा लिहिला गेला तेव्हा डोळ्यासमोर रासायनिक औषधे होती. निरीक्षकाने दुकानातून नमुना घ्यायचा, त्याचे तीन भाग करून सील करायचे. एक भाग ज्याच्याकडून घेतला त्याला, दुसरा विश्लेषकाला, तिसरा न्यायालयात हजर करण्यासाठी. विश्लेषकाने ३० दिवसांत अहवाल द्यायचा. अहवाल मान्य नसेल तर २८ दिवसांत तसे कळवायचे, आणि मग न्यायालय तिसरा भाग फरिदाबादच्या केंद्रीय कीटकनाशक प्रयोगशाळेकडे पाठवू शकते. तिचा अहवाल अंतिम पुरावा. मोनोक्रोटोफॉसच्या बाटलीला ही रीत ठीक आहे. सहा महिन्यांनी बाटली उघडली तरी आतल्या घटकाचे प्रमाण फारसे हललेले नसते. मेटारायझियमचे तीन सीलबंद भाग मात्र घेतल्याच्या क्षणापासून तीन वेगळे माल होतात. विक्रेत्याचा भाग दुकानाच्या खणात, विश्लेषकाचा कुरिअरच्या थैलीत, न्यायालयाचा कार्यालयातल्या लोखंडी कपाटात. प्रत्येकाचे तापमान वेगळे, प्रत्येकाची मरतूक वेगळी. तिसऱ्या भागाची पाळी येईपर्यंत एक-दोन उन्हाळे उलटलेले असतात. त्यात सीएफयू कमी निघाले तर ते कशामुळे, याचे उत्तर जगातली कोणतीही प्रयोगशाळा देऊ शकत नाही.

याचा फटका दोन्ही बाजूंनी बसतो. ज्याने चांगला माल दिला त्या उत्पादकावर, दुकानदाराच्या किंवा कार्यालयाच्या उकाड्यात बीजाणू मेले म्हणून, अप्रमाणित नमुन्याचा खटला उभा राहतो. ज्याने पहिल्या दिवसापासून पांढरी माती भरली, तो तेच कारण सांगून सुटतो: साहेब, माल तुमच्या कपाटात मेला. बुरशीच्या नावाखाली रासायनिक औषध मिसळून विकणाऱ्यांची धरपकड होते, कारण रसायन सापडते. रिकामे पाकीट विकणारा सापडत नाही. निरीक्षकांनाही हे ठाऊक आहे, म्हणून जैविकांचे नमुने घेण्यात त्यांना उत्साह नसतो, आणि घेतले तर उद्दिष्टाचा आकडा भरण्यापुरते.

हे दुरुस्त करायला नव्या कायद्याची वाट पाहण्याचे कारण नाही. कीटकनाशक व्यवस्थापन विधेयक २०२०मध्ये राज्यसभेत मांडले गेले. त्याचे व्हायचे ते होवो. तीन भाग कायद्यातच आहेत, पण ते कोणत्या तापमानाला न्यायचे, कुठे ठेवायचे आणि किती दिवसांत तपासायचे, हे जैविकांपुरते कार्यपद्धतीतून आजही ठरवता येईल. पशुसंवर्धन खाते जनावरांची लस शीतपेटीतून गोठ्यापर्यंत नेते. कृषी खात्याला नमुना त्याच पेटीतून प्रयोगशाळेपर्यंत नेता आला पाहिजे. नमुना घेताना दुकानातले तापमान आणि पाकिटाची उत्पादन तारीख पंचनाम्यात लिहावी. न्यायालयाचा भाग कपाटात न ठेवता प्रयोगशाळेच्या शीतगृहात ठेवावा. पहिल्या अहवालाला आव्हान मिळाले तर फेरतपासणी दिवसांत व्हावी, वर्षांत नव्हे. यांतली कोणतीही गोष्ट खर्चाची नाही. ती करायची तर बुरशी हा जीव आहे, एवढे मात्र कागदावर मान्य करावे लागेल.

सरकारला नावे ठेवून कारखान्यांना मोकळे सोडणे बरोबर नाही. अनेक सहकारी साखर कारखान्यांच्या स्वतःच्या जैविक प्रयोगशाळा आहेत, मांजरीच्या वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूटकडून त्यांना मार्गदर्शन मिळू शकते, आणि सभासदाच्या शेतापासून प्रयोगशाळा काही किलोमीटरवर आहे. ताजी बुरशी देण्याची याहून चांगली सोय दुसरी नाही. तरीही गेल्या हंगामातला उरलेला माल गटात वाटून त्याची रक्कम ऊस बिलातून कापून घेण्याचे प्रकार घडतात. शेतकी विभागाने अक्षय्य तृतीयेपर्यंत गटवार मागणी नोंदवावी, प्रयोगशाळेने त्या मागणीपुरतेच उत्पादन मे महिन्यात करावे, आणि शेवटचा आठवडा ते मिरगाचा पहिला पाऊस या काळात माल थेट बांधावर पोचवावा. शिल्लक राहिलेला माल पुढच्या वर्षी देऊ नये. ज्या प्रयोगशाळेला प्रत्येक घाण्याची सीएफयू मोजणी करून ती पिशवीवर छापता येत नाही, तिने उत्पादन बंद ठेवलेले बरे.

हीच गोष्ट बेणेप्रक्रियेची. शिफारस सर्वांना पाठ आहे: १०० लिटर पाण्यात १० किलो अ‍ॅसेटोबॅक्टर आणि सव्वा किलो स्फुरद विरघळविणारे जिवाणू, बेणे ३० मिनिटे बुडवायचे, मग नत्राची मात्रा निम्मी आणि स्फुरदाची पाऊण द्यायची. रासायनिक प्रक्रिया आधी, जिवाणूंची नंतर. मजुरी वाचवण्यासाठी कार्बेन्डाझिम आणि जिवाणू एकाच पिंपात ओतले जातात. पिंप वाचते, टोळीचा अर्धा दिवस वाचतो, आणि जिवाणूंवर औषधाचा मारा होतो. माल मुळातच मेलेला असेल तर नुकसान आणखी खोल जाते: जिवाणूंच्या भरवशावर युरिया निम्मा केलेला शेतकरी नत्राच्या कमतरतेत ऊस वाढवतो आणि उताऱ्यात मार खातो. मेलेल्या पाकिटाची किंमत पाकिटावर छापलेल्या रकमेपेक्षा कितीतरी जास्त असते.

पाकीट जिवंत आहे का, हे घरीही ढोबळमानाने कळते. तांदळाच्या कण्या अर्धवट भिजवून जाड प्लॅस्टिकच्या पिशवीत भराव्यात, तोंडाला कापसाचा बोळा बसवून कुकरमध्ये अर्धा तास वाफवाव्यात. पूर्ण गार झाल्यावर स्वच्छ चमच्याने चिमूटभर बुरशी आत टाकून हलवावी आणि पिशवी सावलीत ठेवावी. चार-पाच दिवसांत पांढरी वाढ आणि पुढच्या आठवड्यात गडद हिरवी भुकटी दिसली तर बुरशी जिवंत आहे. काहीच उगवले नाही, किंवा काळी बुरशी माजली, तर तो माल शेतात टाकू नये. या चाचणीने संख्या कळत नाही, पण मढे ओळखता येते. खरेदी मेच्या मध्यात केली तर पाऊस येण्याआधी ही चाचणी पूर्ण होते.

बुरशी एकटीच हुमणी संपवेल, अशी अपेक्षाही ठेवू नये. वळवाच्या पावसानंतर संध्याकाळी कडुलिंब-बाभळीवर जमणारे भुंगेरे गावाने मिळून झाडून मारले, खोडव्याच्या रानात नांगरटीवेळी अळ्या वेचल्या, आणि मग बुरशी दरवर्षी वाफशावर दिली, तर मातीत ती टिकून राहते. एका शेतकऱ्याने करायचे आणि शेजारच्याने पाहत बसायचे, अशाने काही साधत नाही. भुंगेरा बांध ओळखत नाही.

कारखान्यांच्या वार्षिक सर्वसाधारण सभा याच महिन्यात आहेत. प्रत्येक सभासदाने आपल्या सभेत दोन प्रश्न लेखी द्यावेत: गेल्या जूनमध्ये वाटलेल्या मेटारायझियमची उत्पादन तारीख कोणती होती, आणि वाटपाच्या दिवशी त्यात ग्रॅममागे किती सीएफयू होते? उत्तर सभेच्या इतिवृत्तात नोंदवून घ्यावे आणि त्याची प्रत या मासिकाकडे पाठवावी. आलेली सर्व उत्तरे कारखान्याच्या नावासह छापली जातील.