किमान

मी मराठीचा प्राध्यापक; पण गेल्या दिवाळीत एका साध्या शब्दाने मला फसवले. क्रेडिट कार्डावर वीस हजारांचा फ्रिज घेतला. बिलात होते, ‘किमान भरणा १,००० रुपये.’ ‘किमान’वर भाळून मी तेवढेच भरले, तेही तीन महिने!

संक्रांतीच्या सुमारास ते कागद सौ.च्या हाती पडले. दुधाच्या हिशेबाच्या वहीतच तिने आकडे मांडले.

“अहो, दरमहा साडेतीन टक्के! वीस हजारांवर ७०० रुपये व्याजच झाले. तुमच्या हजारातले मुदलात गेले ३००! शिवाय बाकी राहिली की नव्या खरेदीलाही पहिल्या दिवसापासून व्याज.”

“पण बँकेत आपली सात टक्क्यांची ठेव आहे ना?” मी शेवटचा आधार शोधला.

“ती वर्षाला सातने वाढते, हे कर्ज बेचाळीसने!”

दुसऱ्याच दिवशी बांगड्यांसाठी ठेवलेली ती ठेव मोडून तिने सारी बाकी फेडली. थोडे व्याज बुडाले, बांगड्याही लांबल्या.

तेव्हापासून दरमहा दोन हजार मी तिच्या हातावर ठेवतो. वाचकहो, ही सावकारीण व्याज घेत नाही. पण तिच्याकडे ‘किमान’ची सवलतही नाही!