पैठणी घेण्याआधी

तुळशीचं लग्न लागलं की लग्नसराई सुरू होते आणि खरेदीच्या यादीत पैठणी येते. कोणीतरी म्हणतं, ‘लग्न काय पुन्हा पुन्हा होतं का?’ एवढ्या एका वाक्यावर तीस-चाळीस हजारांचा निर्णय होऊन जातो. झी मराठीवर २००४ साली जिंकणाऱ्या वहिनींना पैठणी देणारा ‘होम मिनिस्टर’ हा कार्यक्रम सुरू झाला आणि पैठणी घरोघरच्या बायकांच्या बोलण्यात आली. हौस खरी आहे, तिला नावं ठेवायची नाहीत. पण पैठणीवाचून कोणाचं लग्न अडत नाही. म्हणून दुकानाची पायरी चढण्याआधी घरात बसून नीट बोला.

आधी आपण पैसे कशाचे देतो ते समजून घ्या. येवल्यात आणि पैठणला हातमागावर विणल्या जाणाऱ्या पैठणीत मोर, मुनिया, वेलबुट्टी यांतला प्रत्येक रंग वेगळ्या छोट्या कांडीवरून हाताने भरला जातो. धागे एकमेकांत अडकवत नक्षी पुढे सरकते. पदर भरगच्च असेल तर दिवसभरात थोडे इंचच साडी होते. साधे काठ आणि बारीक बुट्टी असलेली पैठणी काही आठवड्यांत उतरते, अंगभर नक्षी असलेलीला कित्येक महिने लागतात. म्हणून हातमागाची साधी पैठणी साधारण दहा हजारांच्या आसपास सुरू होते आणि नक्षी वाढेल तशी लाखाच्या पुढे जाते. त्या किमतीत विणकराच्या घरातल्या माणसांची एवढ्या दिवसांची मेहनत असते. ती मला महाग वाटत नाही. आपल्याला परवडते का, हा प्रश्न मात्र वेगळा आहे, आणि तो आपणच सोडवायचा आहे.

पैसे हातात नसतील तर पैठणी घेऊ नका. हे मी अगदी कळकळीने सांगते. क्रेडिट कार्डाची थकबाकी राहिली की महिन्याला साडेतीन टक्क्यांच्या आसपास व्याज लागतं. चाळीस हजार थकले तर एका महिन्याचे चौदाशे रुपये झाले, वर कर वेगळा. पतपेढीचं कर्ज, मोडलेली ठेव, गहाण टाकलेली बांगडी, यांतलं काहीही साडीसाठी करू नका. लग्नानंतर लगेच घरभाडं, अनामत, भांडीकुंडी असे खर्च उभे राहतात आणि त्यांना थांबवता येत नाही.

यावर एक चांगला मार्ग आहे. येवल्याचे विणकर सांगितलेल्या रंगाची, नक्षीची पैठणी विणून देतात. लग्न ठरल्यावर घाई करण्यापेक्षा सहा-आठ महिने आधी, थोडी आगाऊ रक्कम देऊन, तशी साडी सांगून ठेवा. तिकडे साडी विणली जाईल, इकडे तुम्ही दर महिन्याला पैसे बाजूला टाकाल. मधल्या काळात मन बदललं, नक्षी कमी करावीशी वाटली, तर काम सुरू होण्याआधी तेही सांगता येतं.

दुसरं म्हणजे, जिच्यासाठी साडी घ्यायची तिला एकटीला विचारा. दुकानात मावशी, आत्या, होणाऱ्या सासूबाई आणि पुढ्यात साड्यांचा ढीग, अशा वेळी कोणतीही मुलगी ‘नको’ म्हणत नाही. घरी विचारलंत तर कदाचित ती सांगेल, ‘आईची जांभळी पैठणीच नेसते, नवा ब्लाउज तेवढा शिवून घेऊ.’ तिने असं म्हटलं तर तो तिचा संकोच समजू नका, तिचं ऐका. तिला एखादी इरकल, नारायणपेठ किंवा विदर्भातली करवतकाठी आवडत असेल तर ती कपाटात पडून राहणार नाही, सणावाराला अंगावर येईल.

आता घ्यायचीच ठरली असेल तर फसू नका. यंत्रमागावरची ‘सेमी पैठणी’ तीन-चार हजारांत मिळते. माहिती असून घेतली तर त्यात काही वाईट नाही. वाईट होतं ते ती हातमागाच्या भावात गळ्यात मारली जाते तेव्हा. दुकानात पदर उलटा करून बघा. हातमागाच्या पैठणीची नक्षी मागूनही पुढच्यासारखीच स्वच्छ दिसते. यंत्रावरच्या साडीत मागे सुटे, लोंबणारे किंवा कापलेले धागे दिसतात. दिव्यांच्या झगमगाटात रंग कळत नाही, म्हणून साडी दारापाशी, दिवसाच्या उजेडात न्या. जरी खरी की साधी, हे थेट विचारा. आणि बिलावर ‘हातमाग, शुद्ध रेशीम’ असं लिहून मागा. लिहून द्यायला दुकानदार कां-कूं करू लागला, तर कितीही आवडली असली तरी साडी तिथेच ठेवा आणि बाहेर पडा.